सहा हजार आठशे बेचाळीस किलोचा बोका

काटेवाल्यांनी जन्मात कधी ‘साधारण’ हा शब्द वापरला नाही, आणि या एका गुणापायी काकूंच्या डोक्याचा चाळीस वर्षं भुगा होत आला. घर किती लांब आहे असं कुणी विचारलं तर लोक म्हणतात, हे काय, इथेच. काटेवाले म्हणणार, चारशे दहा पावलं. वर सांगणार, "माझी पावलं. तुम्ही उंच आहात, तुमची कमी पडतील." विचारणारा बिचारा पुढे जाऊन दुसऱ्या कुणाला तरी विचारायचा.

वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. बाजाराच्या मागच्या गल्लीत दहा बाय बाराची खोली, लांबलचक टेबल, टेबलावर पोट उघडून पडलेले काटे, आणि भिंतीशी काचेच्या कपाटात तपासणीची वजनं, एक ग्रॅमपासून वीस किलोपर्यंत. त्या वजनांना कुणी हात लावायचा नाही. हाताचा घाम लागतो आणि घामालाही वजन असतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी काकूंनी कौतुकाने ती सगळी वजनं फडक्याने घासूनपुसून लख्ख केली होती. नवरा एका शब्दाने बोलला नाही, पण तीन दिवस जेवणाखाण्याकडे न बघता एकेक वजन पुन्हा तपासत बसला. भांडला असता तर परवडलं असतं, असं काकू अजून म्हणतात.

किराणावाला, खाटीक, सोनार, औषधवाला, सगळ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून जायचे. नाव कुणाला ठाऊक नव्हतं, सगळे काटेवालेच म्हणायचे आणि जरा वचकून असायचे. एका मासेवाल्याने एकदा हळूच सुचवलं, "काटा थोडा माझ्या बाजूने ठेवा, तुमचंही बघून घेऊ." काटेवाल्यांनी त्याचा काटा तिथल्या तिथे उचलून दुकानात आणला आणि नऊ दिवस तो माणूस माफी मागत फिरला तेव्हा परत दिला. चांगल्या काट्याला चांगला म्हणायचं आणि वाईटाला वाईट, एवढंच आपलं काम, असं ते म्हणत. त्यात काही मोठं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. काकूंना अभिमान वाटायचा, पण मासे मात्र त्यांना पुढे वर्षभर दोन गल्ल्या पलीकडून आणावे लागले.

आणि मुलगी झाली तेव्हाचं तर काकू मरेपर्यंत विसरणार नाहीत. नर्सबाई हसत बाहेर आली, म्हणाली, तीन किलो दोनशे, अभिनंदन. काटेवाले बाळाकडे न जाता आधी काट्याकडे गेले. खिशातून पेचकस काढला, काटा उलटा केला, दहा मिनिटं खटपट केली आणि बाळाला पुन्हा तोलायला लावलं. मग काकूंच्या खाटेपाशी येऊन म्हणाले, "तीन किलो एकशे साठ. त्यांचा काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता." काकूंनी विचारलं, "दिसते कुणासारखी?" तर म्हणाले, "ते अजून बघितलं नाही."

अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे मन मोकळं करायला दुसरं कुणीतरी लागतं. काकूंना बोका मिळाला. सासरे वारले त्याच्या पुढच्या वर्षी तो दुकानात शिरला आणि एका मोठ्या काट्याच्या पारड्यात झोपून गेला. घरी आणल्यावर थेट सासऱ्यांच्या आरामखुर्चीत जाऊन बसला, आणि जेवायला उशीर झाला की अगदी त्यांच्यासारखाच कपाळाला आठ्या घालून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागला. काकू म्हणाल्या, "अगबाई, मामंजी परत आले." नाव पडलं ते पडलंच. काटेवाले एक दिवस फुगून बसले, कारण शेवटी वडील त्यांचे. दुसऱ्या दिवशी त्यांनीच आतून हाक दिली, "अगं, मामंजींना भूक लागलीय बहुतेक." तेव्हापासून त्या घरात बोक्याला कुणी अरेतुरे केलं नाही. मामंजी उठले, मामंजी जेवले, मामंजींनी पडद्याला नखं लावली. तेरा वर्षं असं चाललं.

मग काटेवाल्यांचा उजवा हात थरथर कापायला लागला. कापणाऱ्या हाताने काट्याला हात लावू नये, असं म्हणून त्यांनी स्वतःच दुकान बंद केलं. मुलगी समुद्रापलीकडच्या शहरात राहते, तिने सांगितलं, आता तिथे दोघंच राहू नका, माझ्याकडे या, खालच्या मजल्यावरची खोली तुमची. घर विकलं, सामान वाटून टाकलं, महिनाभरानंतरची विमानाची तिकिटं निघाली. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. प्रश्न मामंजींचा होता.

विमान कंपनीचे नियम चौदा पानांचे होते. कंपनीत एखाद्या माणसाला दुसरं काही काम नसणार आणि त्याने बसून ते लिहिले असणार, असं काकूंचं स्पष्ट मत होतं. बाकी कुणी नवरा असता तर त्याने ती पानं चाळली असती. काटेवाल्यांनी पट्टी धरून ओळ न् ओळ वाचली, मोठ्याने, जेवताना. पिशवी मऊ हवी. लांबी इतकी, रुंदी इतकी, उंची तेवीस सेंटीमीटर, पुढच्या सीटखाली बसली पाहिजे. आत प्राण्याला उभं राहता आलं पाहिजे आणि वळता आलं पाहिजे. तळाशी ओल शोषणारी गादी हवी. लस तीस दिवसांपूर्वीची हवी पण वर्षापेक्षा जुनी नको. कातडीखाली चिप हवी. प्रकृती ठीक असल्याचा दाखला तीन दिवसांच्या आतला हवा. गुंगीचं औषध द्यायचं नाही. एका विमानात माणसांबरोबर दोनच प्राणी. "आणि प्राणी अधिक पिशवी मिळून आठ किलो," काटेवाल्यांनी शेवटी वाचलं आणि चमचा खाली ठेवला.

"त्याच्यावर भरलं तर?" काकूंनी विचारलं.

"तर खाली. सामानाच्या पोटात."

दुसऱ्याच दिवशी दोघं मामंजींना घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सरळच सांगितलं, "यांचं हृदय मोठं झालंय. वयही झालंय. जवळ घेऊन बसलात तर काही होणार नाही. पण खाली एकटं, अंधारात, गोंगाटात चार तास पाठवलंत तर पोचतीलच असं मी लिहून देणार नाही." काकूंनी परत येताना वाटभर पिशवी छातीशी धरली होती.

म्हणजे सगळं त्या आठ किलोंवर येऊन अडलं. काटेवाल्यांनी घरी ठेवलेल्या आपल्या काट्यावर मामंजींना तोललं. सहा किलो आठशे बेचाळीस. पिशवी एक किलो तीनशे ऐंशी. एकूण आठ किलो दोनशे बावीस. दोनशे बावीस ग्रॅम जास्त.

"महिना आहे हातात. उतरेल," काटेवाले म्हणाले आणि कंपनीचा अर्ज भरायला कॉम्प्युटरपुढे बसले. इथे त्यांनी जो पराक्रम केला तो दुसऱ्या कुणाला जमला नसता.

अर्जात ‘प्राण्याचे वजन’ असा चौकोन होता. काटेवाल्यांनी सहा, मग टिंब, मग आठशे बेचाळीस असं टाइप केलं. चौकोन टिंब घेईना. काकू मागून म्हणाल्या, "अहो, सात लिहा आणि उठा."

"सात नाहीयेत ते."

"मग सहा लिहा."

"ते तर उघड खोटं." थोडा वेळ त्यांनी हनुवटी खाजवली. मग चेहरा उजळला. "टिंब घेत नाही, म्हणजे ग्रॅममध्ये विचारत असणार. बरोबर आहे. शहाणी माणसं दिसतात." आणि त्यांनी चौकोनात लिहिलं, सहा हजार आठशे बेचाळीस.

चौकोन किलोचा होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. आपल्या प्राण्याचं वजन प्रवासी विमानाच्या मर्यादेबाहेर असल्यामुळे त्याची केबिनमधली जागा रद्द करण्यात येत आहे. कृपया अवजड माल विभागाशी संपर्क साधावा. प्राणी उचलण्यासाठी लागणाऱ्या यंत्राची व्यवस्था प्रवाशाने स्वतः करावी. खाली ‘आपला प्रवास सुखाचा होवो’ असंही होतं. काकूंनी पत्र दोनदा वाचलं, आरामखुर्चीत पाय वर करून मांडी चाटत बसलेल्या मामंजींकडे बघितलं, आणि मग नवऱ्याकडे असं बघितलं की काटेवाले उठून दुसऱ्या खोलीत गेले.

फोन करायची वेळ काकूंवर आली. एक दाबा, तीन दाबा, पुन्हा एक दाबा, मग वीस मिनिटं तेच ते पिपाणीसारखं गाणं. शेवटी एक मुलगी बोलली, अगदी गोड आवाजात.

"सिस्टीममध्ये सहा हजार आठशे बेचाळीस किलो दिसतंय, मॅडम."

"अगं बाई, बोका आहे तो. घरातला बोका. सात टनांचा बोका कधी बघितलायस का तू?"

"मी आपला प्राणी बघितलेला नाही, मॅडम."

"मग मी सांगते ना, सात किलोसुद्धा नाहीत ते."

"वजनात बदल करायचा असेल तर पशुवैद्याचा दाखला पाठवावा लागेल. आणि मॅडम, त्या विमानात प्राण्यांसाठी आता एकच जागा उरलीय. आज संध्याकाळपर्यंत दाखला आला तरच धरून ठेवता येईल."

काकू तशाच चपला घालून निघाल्या. एका हातात मामंजी, मागे नवरा. डॉक्टरीणबाईंनी मामंजींना काट्यावर ठेवलं, सहा किलो नऊशे भरले, त्या लिहायला लागल्या. तेवढ्यात काटेवाले खाकरले. "एक मिनिट. तुमचा काटा अठ्ठावन्न ग्रॅम जास्त दाखवतोय."

"अहो, आत्ता नको," काकू दात खाऊन म्हणाल्या. "हात जोडते तुमच्यापुढे."

पण त्या माणसाला चुकीचा काटा दिसला की पुढे काही ऐकू येत नाही. बाहेर तीन कुत्री, दोन मांजरं आणि एक पोपट आपापल्या माणसांसकट खोळंबले, आणि आत काटेवाल्यांनी कापणाऱ्या हाताने पाऊण तास लावून तो काटा बरोबर केला. मामंजी पुन्हा चढले. सहा आठशे बेचाळीस. दाखला पाच वाजून चाळीस मिनिटांनी गेला, जागा परत मिळाली, आणि काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत, कारण रागानेच त्यांचं पोट भरलं होतं.

मग सुरू झाली उपासमार. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या मापाने सकाळी साठ ग्रॅम, संध्याकाळी साठ ग्रॅम, चिमूटभर इकडे नाही की तिकडे. काटेवाले स्वतः तोलून द्यायचे. मामंजी ते दोन घासांत संपवायचे आणि वाटीपुढे बसून राहायचे. पहिले चार दिवस ते रागावले. मग ते ओरडायला लागले. मग तेही थांबलं आणि ते नुसते काकूंच्या मागेमागे फिरायला लागले, तोंडातून आवाज नाही, फक्त डोळे. काकूंना घास उतरेना.

"अहो, म्हातारा जीव आहे. चमचाभर द्या की वरती."

"चमचा म्हणजे किती?"

"चमचा म्हणजे चमचा."

"आठ किलो म्हणजे आठ किलो," काटेवाले म्हणाले. "आठच्या वर एक ग्रॅम गेला तरी तो आठ नसतो."

"आणि समजा त्या दिवशी भरला जास्त. मग काय करणार आहात?"

काकूंना वाटलं, काटेवाले म्हणतील, बघू, करू काहीतरी. नवरे असंच म्हणतात. ते म्हणाले, "मग नेता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा असतो."

काकू त्यांच्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत. दगड आहे दगड, असं त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं. बाळाच्या आधी काटा बघणारा माणूस, त्याच्याकडून कसली अपेक्षा करायची. मुलगी म्हणाली, आई, बाबा तसेच आहेत. काकू म्हणाल्या, तसे आहेत म्हणूनच भीती वाटते.

निघायच्या तीन दिवस आधी शेवटचं वजन झालं. मामंजी सहा किलो पाचशे साठ, पिशवीसकट सात नऊशे चाळीस. साठ ग्रॅम खाली. काटेवाल्यांनी पहिल्यांदाच मामंजींच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाले, "जमलं." त्याच संध्याकाळी त्यांचा जुना दोस्त येऊन तो काटा घेऊन गेला, त्याला तो आधीच देऊन टाकलेला होता. काटा दाराबाहेर गेला तेव्हा काटेवाले पायरीवर उभे राहून तो गल्लीच्या टोकापर्यंत बघत राहिले. आत काकूंना मात्र एकच गोष्ट समजली, की या घरात आता तोलायला काही उरलेलं नाही.

काकू काही दुष्ट बाई नाहीत. एक घास, असं म्हणून त्यांनी वाटी भरली. मामंजींनी खाल्लं आणि महिन्यात पहिल्यांदा घुरघुर केली. ती ऐकून काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी वाटी पुन्हा भरली. एवढ्याशा घासाने काय होतंय. दोन दिवस असंच चाललं, उकडलेले मासे, साय, अंड्याचा बलक, नवरा बँकेत किंवा पोस्टात गेला की लगेच. साठ ग्रॅमची सवलत आहे, असं त्या मनाशी म्हणत होत्या. साठ ग्रॅम म्हणजे किती, ते इतकी वर्षं काटेवाल्याशी संसार करूनही त्यांनी कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं.

विमानतळावर सकाळी गर्दी होती. प्राणीवाल्यांसाठी एकच खिडकी, तिच्यामागे टाय लावलेला एक तरुण अधिकारी, आणि रांगेत पुढे एक बाई, तिच्या पिशवीत थरथरणारं कुत्र्याचं पिल्लू. पिल्लू पाच किलो भरलं, आत गेलं. टायवाल्याने कागद तपासले. लस, चिप, दाखला, सगळं जिथल्या तिथे. काटेवाल्यांनी ते तारखेप्रमाणे लावून टाचलेले होते. टायवाला म्हणालासुद्धा, "असे कागद रोज आले तर बरं होईल."

मग पिशवी काट्यावर चढली. आकडे पळाले आणि थांबले. आठ पूर्णांक दोन.

काकूंनी पिशवीच्या बाजूच्या खिशातली रिकामी वाटी काढली. आठ पूर्णांक दोन. मामंजींच्या गळ्यातला पट्टा काढला. आठ पूर्णांक दोन. तळाची गादी ओढायला गेल्या तर टायवाला म्हणाला, "ती राहू द्या, नियमात आहे ती."

"दोनशे ग्रॅम तर आहेत," काकू म्हणाल्या. "दोनशे ग्रॅमनी विमान पडणार आहे का?"

"मावशी, माझ्या हातात काही नाही. आठच्या वर असेल तर खालून पाठवायचं. त्यालाही कडक पिंजरा लागतो. तुमच्याकडे तो नाही, म्हणजे आजच्या विमानाने यांना नाहीच नेता येणार. कुणाकडे ठेवता येईल का यांना?"

कुणाकडे ठेवणार. घराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात गेली होती. काकूंनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. आता हा म्हणणार, नियम सगळ्यांना सारखा असतो. आता हा म्हणणार आणि मी याला आयुष्यात क्षमा करणार नाही, असं त्यांच्या मनात आलं, अगदी याच शब्दांत.

काटेवाले काट्याकडे बघत होते. वाकून त्यांनी काट्याच्या पायांकडे बघितलं, बाजूचा तपासणीचा शिक्का बघितला, काट्यावर बोट ठेवून काढलं. मग सरळ उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "तुमचा काटा चुकतोय. दोनशे साठ ग्रॅम जास्त दाखवतोय."

टायवाला थकल्या आवाजात म्हणाला, "काका, सगळेच असं म्हणतात."

काटेवाल्यांनी पाकीट काढलं आणि पाकिटातून परवान्याचं कार्ड. वजनमाप दुरुस्ती, अडतीस वर्षं. टायवाल्याने कार्ड वाचलं, उलटून पुन्हा वाचलं.

"पिशवी कोपऱ्यात सरकवा," काटेवाले म्हणाले. टायवाल्याने सरकवली. आठ पूर्णांक एक. "आता मधे." आठ पूर्णांक दोन. "बघा. आतला आधार हललाय. असं झालं की तो जास्तच दाखवतो. हवं तर दुसऱ्या काट्यावर बघा."

बोलताना त्यांचा आवाज नेहमीचाच होता, दुकानात गिऱ्हाइकाला समजावताना असायचा तसा. टायवाल्याने आजूबाजूला बघितलं. शेजारच्या खिडक्या दुसऱ्या कंपन्यांच्या आणि बंद. मागे माणसं चुळबुळत होती. त्याने पेन उचललं. "म्हणजे सात नऊशे चाळीस."

"सात नऊशे चाळीस," काटेवाले म्हणाले.

त्याने तसं लिहिलं, पिशवीला हिरवी चिठ्ठी लावली आणि मनापासून आभार मानले. "बरं झालं सांगितलंत काका. सकाळपासून किती लोकांना परत पाठवलं असेल मी." मग त्याने एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत ‘नादुरुस्त’ असं लिहिलं, तो काट्याच्या तोंडावर चिकटवला, आणि रांगेतल्या लोकांना जरा थांबायला सांगून फोन लावला. काटेवाले तिथून हलेनात. काकूंनी दंडाला धरून त्यांना ओढलं तेव्हा कुठे निघाले, तेही तीनदा मागे बघत.

विमानात मामंजी पुढच्या सीटखाली पसरले आणि झोपून गेले. काटेवाल्यांनी चहा घेतला नाही, बिस्किटं घेतली नाहीत, खिडकीतून बाहेर बघितलं नाही. विमान ढगांच्या वर जाऊन स्थिर झालं तेव्हा काकूंना राहवेना.

"अहो, तो काटा खरंच चुकत होता?"

"नाही."

"पण तो कोपऱ्यात ठेवल्यावर..."

"कोपऱ्यात ठेवल्यावर एवढा फरक कुठलाही काटा दाखवतो. त्याला काही अर्थ नसतो. त्या पोराला ते ठाऊक नव्हतं." काटेवाले पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बोलत होते. "उत्तम काटा होता. सपाटीत होता, शून्यावर होता, गेल्याच महिन्यातला शिक्का होता त्याच्यावर."

काकूंनी आपली चूक कबूल करायचं ठरवलं. "मी त्यांना दोन दिवस पोटभर घातलं. तुम्ही बाहेर गेलात की."

"माहीत आहे. सकाळी पिशवीत ठेवायला उचललं तेव्हाच कळलं. दोनशे साठ."

"मग तेव्हाच का नाही बोललात मला?"

"बोलून वजन उतरलं असतं का?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "घरापासून इथपर्यंत गाडीत विचार करत होतो, की काय बोलायचं. दुसरं काही सुचलं नाही."

काकूंना महिनाभराचे आपले सगळे शब्द आठवले आणि फार वाईट वाटलं. दगड म्हणाल्या होत्या त्या, तेही मुलीपाशी. या माणसाने कधी साडी आणली नव्हती, कधी गोड बोलला नव्हता, मुलीचं तोंड बघायच्या आधी काटा बघितला होता. आणि आज त्याने सगळ्यांदेखत, अडतीस वर्षांचं कार्ड दाखवून, एका धडधाकट काट्याला नादुरुस्त म्हटलं होतं. त्यांनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"कागद चिकटवला त्यांनी त्याच्यावर," काटेवाले म्हणाले. "आता उघडतील तो. ज्याला काही झालेलं नाही त्याला उघडलं की तो कायमचा बिघडतो."

त्यांनी हवाई सुंदरीकडे कागद आणि पेन मागितलं. काकूंनी आपला चष्मा पुसून त्यांना दिला, कारण त्यांचा वरच्या पिशवीत होता. हात कापत होता म्हणून अक्षर वेडंवाकडं येत होतं. काकू चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून, खांद्यावरून वाचत होत्या. प्राण्यांच्या खिडकीवरचा काटा बरोबर आहे. त्याच्यावरचा कागद काढावा, तो उघडू नये. मी खोटं बोललो. बोका पिशवीसह आठ किलो दोनशे होता. खाली सही आणि परवान्याचा नंबर.

काकूंनी कपाळाला हात लावला. इतकं सगळं झाल्यावर या माणसाला आता हे सुचत होतं.

"अहो, हे त्यांना मिळालं की मामंजींना परत मागतील ते. एवढं वाटतंय तर उतरल्या उतरल्या फोन करून टाका, म्हणजे विमानाच्या दारातच धरतील आपल्याला."

"म्हणून तर पत्र लिहितोय," काटेवाले म्हणाले. "फोन केला तर लगेच कळेल. पत्र पोचायला चार दिवस लागतात. तोवर मामंजी घरी जाऊन झोपलेले असतील." त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवता ठेवता विचारलं, "काटा चार दिवस तसाच ठेवतील ना गं, न उघडता?"

"ठेवतील," काकू म्हणाल्या. ते त्यांना मुळीच ठाऊक नव्हतं.